डॉक्टर सून, सव्वीस आठवडे आणि रुग्णालयाचा हिशेब

एक पिढी मागे गेले, तर व्यापारी घरातील मुलीने बी.कॉम. व्हावे, फार तर घरच्या पेढीची खातेवही पाहावी, एवढीच अपेक्षा असे. आज चित्र पालटले आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव अशा गावांतील कापड, धान्य, सोने-चांदी किंवा औषधांचा व्यापार करणाऱ्या कितीतरी घरांत एखादी मुलगी किंवा सून डॉक्टर झालेली आढळते. लग्नपत्रिकेत तिच्या नावामागे ‘डॉ.’ छापताना दोन्ही कुटुंबांना अभिमान वाटतो. मात्र त्याच घरात पहिल्या बाळाची चाहूल लागली, की तीन-चार महिन्यांत एक प्रश्न जेवणाच्या ताटावर येतोच : नोकरीचे काय करायचे? ‘सोडून दे, बाळ मोठे झाले की पुन्हा पाहू,’ हे उत्तर प्रेमापोटी दिले जाते आणि बहुतेक वेळा त्याला विरोधही होत नाही. शासनाने, पालकांनी आणि त्या मुलीने स्वतः दहा-अकरा वर्षे ज्या शिक्षणासाठी खर्ची घातली, ते शिक्षण त्या एका वाक्याने बासनात बांधले जाते.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. ज्या समाजाच्या घरांत डॉक्टर सुना आहेत, त्याच समाजातील अनेक मंडळी धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, कुणाचे स्वतःचे नर्सिंग होम आहे, कुणी निदान केंद्रात भांडवल गुंतविले आहे. म्हणजे सकाळी विश्वस्तांच्या बैठकीत ‘महिला डॉक्टर नेमली की सहा महिन्यांचा खर्च अंगावर पडतो’ असे म्हणणारे गृहस्थ संध्याकाळी घरी येऊन ‘सुनेच्या रुग्णालयाने रजा नाकारली’ म्हणून हळहळतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेच कुटुंब बसलेले असते. त्यामुळे या विषयाचा विचार भावनेबरोबरच जमाखर्चाच्या अंगानेही होणे इष्ट आहे.

प्रथम वयाचे गणित पाहावे. बारावी अठराव्या वर्षी. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, त्यात एक वर्ष आंतरवासिता. म्हणजे पदवी हाती येईतो चोविसावे वर्ष लागते. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी आणि शासकीय महाविद्यालयातून शिक्षण झाले असल्यास बंधपत्रित सेवा यांत आणखी एक-दोन वर्षे जातात. एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे धरली, की अठ्ठावीस-एकोणतीस. त्यापुढे अतिविशेषोपचार शाखा घेतली, तर आणखी तीन वर्षे. स्त्रीच्या प्रजननक्षमतेचा उत्तम काळ आणि वैद्यकीय शिक्षणाचा सर्वांत कठीण काळ हे दोन्ही एकाच दशकात येतात. वाणिज्य शाखेच्या पदवीधर मुलीला बावीस-तेविसाव्या वर्षी नोकरी लागते आणि कायम होऊन, थोडी शिल्लक बाजूला टाकून ती आई होऊ शकते. डॉक्टर मुलगी त्या वयात अजून विद्यार्थिनी असते, किंवा विद्यार्थिनी आणि कर्मचारी यांच्या मधल्या, कुणाच्याच नियमात नीट न बसणाऱ्या ‘निवासी डॉक्टर’ या पदावर असते.

प्रसूती रजेच्या कायद्याबाबत मुंबई इलाखा देशात अग्रेसर होता, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या स्मरणात नाही. गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी मुंबई प्रसूती लाभ कायदा १९२९ साली झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन मुद्दे मांडले होते : मातेला प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा बराचसा भार शासनाने उचलावयास हवा. पहिला मुद्दा देशाने पुढे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात स्वीकारला. दुसरा अजूनही तसाच पडून आहे, आणि खासगी रुग्णालयांच्या चालकांची आजची सारी कुरकुर नेमकी तेथूनच सुरू होते.

१९६१ च्या कायद्यात रजा बारा आठवडे होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली, त्यापैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन अपत्ये हयात असताना पुन्हा प्रसूती झाल्यास १२ आठवडे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. गर्भारपणातून किंवा बाळंतपणातून आजारपण उद्भवल्यास आणखी एक महिना. अट एकच : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना हे लागू आहे, म्हणजे पंधरा-वीस खाटांचे नर्सिंग होमही परिचारिका, आया, औषध विभाग आणि स्वागत कक्ष मोजता सहज त्यात येते. या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या. नाव बदलले तरी २६ आठवडे कायम आहेत.

कागदावर हे सारे स्पष्ट आहे. तरीही खासगी रुग्णालयातील असंख्य महिला डॉक्टरांना यातील एक दिवसही मिळत नाही, आणि त्याचे कारण वेतनपत्रकात दडलेले असते.

महिन्याच्या अखेरीस डॉक्टरच्या खात्यात जमा होणारी रक्कम ‘वेतन’ आहे की ‘व्यावसायिक शुल्क’, या एका नोंदीवर पुष्कळ काही अवलंबून असते. अनेक रुग्णालये डॉक्टरांना कर्मचारी म्हणून न नेमता ‘कन्सल्टंट’ म्हणून करारबद्ध करतात. दहा टक्के टीडीएस कापून शुल्क दिले, की भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, भरपगारी रजा नाही आणि प्रसूती लाभही नाही. हा व्यवहार रुग्णालयाने डॉक्टरवर लादला असेच प्रत्येक वेळी घडते असेही नाही. तरुण डॉक्टरांना, आणि त्यांच्या घरच्या करसल्लागारांना, तो आवडतो. अनुमानित कर आकारणीच्या तरतुदीनुसार, ठरावीक मर्यादेपर्यंत, व्यावसायिकाला ढोबळ जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. वार्षिक बारा लाख शुल्क मिळविणाऱ्या डॉक्टरचे करपात्र उत्पन्न सहा लाखांवर येते, आणि घरात सगळे खूश होतात. सत्ताविसाव्या वर्षी ही बचत डोळ्यांत भरते. तीस-एकतिसाव्या वर्षी रजेचा अर्ज घेऊन गेल्यावर ‘तुम्ही आमच्या कर्मचारीच नाही’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्या बचतीची दुसरी बाजू कळते. सहा महिन्यांचे पूर्ण वेतन आणि परत येण्याची हमी यांच्या तुलनेत दोन-चार वर्षांची करबचत किती, हा हिशेब करार करताना कुणीच मांडत नाही. व्यापारी घरात तरी तो मांडला जावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

यात कायद्याचा आणखी एक पेच आहे. करारात ‘कन्सल्टंट’ लिहिले, तरी ठरावीक वेळेत हजर राहणे, रात्रपाळीची सक्ती, रजेसाठी परवानगी, दुसरीकडे काम करण्यास मनाई अशा अटी असतील, तर हा संबंध प्रत्यक्षात नोकरीचाच आहे असे ठरू शकते. कागदावरील शब्दांपेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप काय, हे न्यायालये तपासतात. तेव्हा रुग्णालय-चालकांनीही या शब्दाच्या आडोशाला फार सुरक्षित समजू नये.

कंत्राटी नेमणुकांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑगस्ट २०२३ चा निर्णय प्रत्येक विश्वस्त मंडळाने वाचावा असा आहे. दिल्लीतील जनकपुरी येथील एका सरकारी अतिविशेषोपचार रुग्णालयात एक महिला डॉक्टर विकृतिशास्त्र विभागात वरिष्ठ निवासी म्हणून कंत्राटावर होत्या. कंत्राटाची कमाल मुदत तीन वर्षांची, ती ११ जून २०१७ रोजी संपत होती. त्यांनी १ जूनपासून प्रसूती रजा मागितली. रुग्णालयाने सांगितले, कंत्राट ज्या दिवशी संपते त्या दिवशी रजाही संपते. म्हणून फक्त अकरा दिवस. प्रशासकीय न्यायाधिकरणाने हेच मान्य केले, दिल्ली उच्च न्यायालयानेही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र निराळा अर्थ लावला. ८० दिवसांची अट पूर्ण झाली असेल, तर प्रसूती लाभ कंत्राटाच्या मुदतीपुढेही द्यावा लागतो, कारण गर्भारपणात सेवा संपुष्टात आली तरी लाभ बुडत नाही, असे कायद्यातच अभिप्रेत आहे आणि कोणताही करार या कायद्यावर मात करू शकत नाही. अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, ही पद्धत ज्या संस्थांनी वर्षानुवर्षे अंगवळणी पाडून घेतली आहे, त्यांच्यासाठी हा इशारा पुरेसा आहे.

निवासी डॉक्टरांची अडचण वेगळी. त्यांना रजा मिळते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत प्रसूती रजा आणि पितृत्व रजा शासकीय नियमांप्रमाणे देण्याची तरतूद आहे. परंतु त्याच नियमांत ८० टक्के उपस्थितीही लागते आणि रजेचा काळ अभ्यासक्रमाच्या शेवटी जोडला जातो. सहा महिने पुढे गेले म्हणजे परीक्षेची तुकडी बदलते, पुढील अतिविशेषोपचार प्रवेश परीक्षेची पात्रता तारीख हुकते आणि सहा महिन्यांचे एक वर्ष होते. म्हणून कित्येक मुली दीड-दोन महिन्यांत परत येतात. टाके पूर्ण भरलेले नसतात, बाळ आजीजवळ दुसऱ्या गावी असते आणि रुग्णकक्षात छत्तीस तासांची सलग ड्यूटी वाट पाहत असते. वास्तविक केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तासांहून अधिक काम असू नये असे लिहिलेले आहे. तीस वर्षांहून अधिक काळ ते लिहिलेलेच आहे.

आता खासगी रुग्णालयाच्या खर्चाकडे वळावे, कारण सारा विरोध तेथे आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, चाळीस खाटांचे रुग्णालय आहे. वेतनावर बारा डॉक्टर आहेत, त्यांत पाच महिला. प्रत्येकाचे मासिक वेतन ८० हजार रुपये धरले, तर वेतनखर्च दरमहा ९ लाख ६० हजार. पाच वर्षांत तीन प्रसूती रजा पडल्या असे गृहीत धरू. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. एका रजेचे ४ लाख ८० हजार, तिन्हींचे १४ लाख ४० हजार. साठ महिन्यांवर विभागले, तर दरमहा २४ हजार रुपये. वेतनखर्चाच्या तुलनेत अडीच टक्के. बदली डॉक्टरला द्यावयाचे वेतन यात धरलेले नाही, कारण त्या जागेचे वेतन एरवीही द्यावेच लागले असते. बदली डॉक्टर थोडा अधिक दर मागतो, तो फरक वाटल्यास आणखी अर्धा टक्का धरावा.

अडीच-तीन टक्के ही रक्कम नगण्य नाही, पण ज्या संस्था उपदानासाठी दरवर्षी तरतूद करतात, यंत्रांच्या घसाऱ्यासाठी तरतूद करतात, त्यांना ही तरतूद जड का वाटावी? खरी अडचण रकमेपेक्षा ती एकदम अंगावर येण्याची आहे. दरमहा ठरावीक रक्कम ‘प्रसूती रजा निधी’ म्हणून वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकली, तर रजेचा अर्ज आला त्या दिवशी कुणाच्या कपाळावर आठी उमटण्याचे कारण उरत नाही. परिचारिका, आया व इतर कर्मचारी ज्यांचे वेतन २१ हजारांच्या आत आहे आणि ज्यांची नोंदणी कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे, त्यांचा प्रसूती लाभ ती योजनाच देते. म्हणजे रुग्णालयाच्या तिजोरीतून जाणारा खर्च प्रामुख्याने डॉक्टर आणि वरिष्ठ कर्मचाऱ्यांपुरताच.

वहीच्या दुसऱ्या पानावर, डॉक्टर सोडून गेल्यास काय होते, हेही लिहावे. लहान शहरात भूलतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ जाहिरात देऊन महिन्याभरात मिळत नाही. जागा रिकामी राहते तितके दिवस शस्त्रक्रिया शेजारच्या रुग्णालयात जातात. स्त्रीरोगतज्ज्ञ गेली, की तिचे रुग्णही तिच्यामागे जातात, आणि ते रुग्ण बांधून ठेवण्याचा कोणताही करार अस्तित्वात नाही. दुकानातला जुना, विश्वासू मुनीम सहा महिने आजारी पडला म्हणून कोणता व्यापारी त्याला काढून टाकतो?

रजा हा या विषयाचा फक्त एक भाग. रजेच्या आधीचे महिनेही तितकेच महत्त्वाचे आहेत. क्ष-किरण विभागात किंवा कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरने गर्भारपण कळविल्यानंतर उरलेल्या काळात गर्भावर पडणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा एक मिलिसिव्हर्ट आहे. म्हणून ते लवकर कळविता यावे असे वातावरण हवे. बातमी सांगितली तर नेमणूक पुढे वाढणार नाही, या धास्तीने मुली चौथ्या महिन्यापर्यंत गप्प राहतात, आणि पहिले तीन महिने गर्भासाठी सर्वांत नाजूक असतात. कर्करोगाची औषधे हाताळणे, क्षयरोग कक्ष, तासन्‌तास उभे राहून करावयाच्या शस्त्रक्रिया या बाबतीतही तेच. प्रसूतीपूर्व सहा आठवड्यांच्या आधीच्या एका महिन्यात स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे वा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, आणि हलके काम दिले म्हणून वेतन कापू नये, असे कायदा सांगतो. ही तरतूद किती व्यवस्थापकांना ठाऊक आहे?

परत आल्यावरचे दिवस तर अधिकच कठीण. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी देणे बंधनकारक आहे. डॉक्टरच्या बाबतीत ही सुट्टी घड्याळाप्रमाणे मिळणे अवघड, हे मान्य. परंतु एक स्वच्छ, आतून कडी लागणारी खोली, दूध साठविण्यास एक छोटा शीतकपाट आणि ‘वीस मिनिटे डॉक्टर उपलब्ध नाहीत’ असे रुग्णाला निःसंकोचपणे सांगणारी स्वागतिका, एवढ्याने पुष्कळ काम भागते. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी बसायला जागा ठेवणाऱ्या रुग्णालयात या खोलीला जागा नसते, हे आश्चर्यच.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, हेही २०१७ च्या दुरुस्तीत आले. लहान रुग्णालये यातून सुटतात. तथापि कायद्याने पाळणाघर स्वतंत्र असावे किंवा सामाईक असावे, दोन्हींची मुभा दिली आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक मध्यम शहरात एक ‘दवाखान्यांची गल्ली’ असते. पाचशे पावलांत आठ-दहा रुग्णालये, दोन प्रयोगशाळा, चार औषध दुकाने. एका खोलीचे भाडे, दोन प्रशिक्षित सेविका आणि दूध-खाण्याचा खर्च दहा जणांत वाटला, तर कुणालाच भार होणार नाही. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन धान्याची गोदामे उभारली, शीतगृहे उभारली; त्यांच्याच पुढाकाराने पाळणाघर का उभे राहू नये?

पाळ्यांचे वेळापत्रक हा विषय बिनखर्चाचा आहे. आठवड्याऐवजी महिन्याचे वेळापत्रक आधी लावले, पहिले काही महिने रात्रपाळी न देता तिच्या बदल्यात दिवसाचे बाह्यरुग्ण तास वाढविले, सुरुवातीचे पंधरा दिवस अर्धवेळ ठेवले, तर परतणारी डॉक्टर टिकते. मात्र तिच्या रात्रपाळ्या कुणाला तरी घ्याव्याच लागतात. त्या नेहमी त्याच दोन अविवाहित डॉक्टरांच्या गळ्यात पडल्या, तर कुरबुर होते, आणि ती रास्त असते. अशा जादा पाळ्यांचा वेगळा मोबदला दिला, तर एक आई झाली म्हणून दुसऱ्याने का सोसावे, हा प्रश्न उरत नाही. वडील झालेल्या डॉक्टरांना तर खासगी क्षेत्रात कायद्याने एक दिवसही रजा नाही. केंद्र शासनाच्या सेवेत ती पंधरा दिवस आहे. खासगी रुग्णालयाने स्वतःहून तेवढी दिली, तर घरातील बाळंतिणीच्या वाट्याला निदान एक सोबती येईल.

घराचेही एक धोरण असावे लागते. सासूबाई आहेत म्हणजे बाळाची चिंता मिटली, असे धरून चालणे योग्य नाही. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या स्त्रीने पुन्हा एकदा बारा तास मूल सांभाळावे, ही अपेक्षा करताना तिलाही विचारावे. पगारी मदतनीस ठेवण्यात कमीपणा मानणारी घरे दुकानात मात्र चार नोकर ठेवतात. आणि रात्री अकराला शस्त्रक्रियेसाठी फोन आला, तर गाडी कोण काढणार, बाळाजवळ कोण झोपणार, हे आधी ठरलेले असेल तर त्या क्षणी कुणाचे तोंड वाकडे होत नाही.

राहता राहिला प्रश्न स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉक्टरांचा. त्यांना रजा देणारे कुणी नाही, आणि कर्जाचा हप्ता बाळंतपण ओळखत नाही. सोनोग्राफी यंत्र किंवा जागेसाठी मुदत कर्ज घेतले असेल आणि चार महिने उत्पन्न थांबले, तर नव्वद दिवसांहून अधिक थकलेला हप्ता खात्याला अनुत्पादक ठरवितो. तो शिक्का पुढील प्रत्येक कर्जाच्या वेळी आडवा येतो. बँकेशी बोलण्याची वेळ हप्ता थकल्यानंतरची नसते, कर्ज मंजूर होण्यापूर्वीची असते. परतफेडीचे वेळापत्रक उत्पन्नाच्या चढउताराप्रमाणे आखता येते, प्रारंभीचा विलंबावधी मागता येतो. दवाखाना आणि बाळ यांचे बेत एकाच दोन-तीन वर्षांत असतील, तर तसे कर्ज अधिकाऱ्याला स्पष्ट सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय किमान सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवावी आणि ती कितीही गरज भासली तरी दुकानाच्या उलाढालीत वापरू नये. दिवाळीच्या खरेदीच्या हंगामात घरातील कर्त्या पुरुषांची नजर नेमकी अशाच ठेवीवर जाते, म्हणून ती सुनेच्या एकटीच्या नावावर असलेली बरी.